आपल्या शेतातील पावडर आणि उत्तरेचा समुद्र

(सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रातील विषाविषयी सोलापुरात बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. वर्गाला येताना एका जुन्या सहकाऱ्याने मला विचारलेच, ''आपल्याकडे प्यायच्या पाण्याची पाळी चार-चार दिवसांनी येते आणि तुम्ही बर्फाच्या गोष्टी सांगणार?'' प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात द्यायचे तर असे देता येईल की, त्या समुद्रात जे विष सापडले त्यातला काही भाग आपल्या शेतांतून गेलेला आहे. तो कसा गेला, का गेला आणि त्यातून आपण काय शिकावयाचे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठी आमचे गाव. १९७०च्या दशकात मी शाळकरी मुलगा होतो. हरभऱ्यावर घाटेअळी पडली की वडील तालुक्याच्या गावाहून बी.एच.सी.ची पावडर आणीत. डस्टर सगळ्यांकडे नसे. विरळ विणीच्या फडक्यात पावडर बांधायची आणि पहाटे, पानांवर दव असताना, ते गाठोडे हातकाठीने बडवीत सरीतून चालायचे. दवावर पावडर चिकटते, म्हणून वेळ पहाटेची. आई पदर नाकाला गुंडाळी, वडील तेवढेही करीत नसत. राहिलेली पावडर घरात येई. ती कणगीच्या बुडाशी भुरभुरली जाई, मुंग्यांच्या वाटेवर टाकली जाई आणि पोरांच्या डोक्यात उवा झाल्या तर केसांतही चोळली जाई. त्या कुबट वासाची आठवण आपल्यापैकी साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला असेल. त्या काळी तो वास आम्हांला प्रगतीचा वाटत असे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

ही पावडर म्हणजे काय होती? बेन्झीन आणि क्लोरिन यांच्या संयोगाने ती बनते. बेन्झीन हेक्झाक्लोराइड, म्हणून बी.एच.सी. हे एक द्रव्य नसून एकाच घडणीच्या अनेक प्रकारांचे मिश्रण असते. त्यातील गॅमा नावाचा प्रकार तेवढा कीटक मारतो आणि त्याचे प्रमाण शंभरात दहा ते पंधराच असते. साठ ते सत्तर भाग आल्फा प्रकाराचे, उरलेले बीटा, डेल्टा इत्यादींचे. म्हणजे वडिलांनी शंभर शेर औषध म्हणून जे रानात टाकले, त्यातले पंच्याऐंशी शेर अळीच्या दृष्टीने निरुपयोगी होते. श्रीमंत राष्ट्रांनी पुढे गॅमा वेगळा काढून 'लिंडेन' या नावाने वापरावयास सुरुवात केली आणि उरलेला गाळ कारखान्यांच्या आवारांत पुरला. एक टन लिंडेनमागे आठ ते बारा टन असा गाळ उरतो. गरीब राष्ट्रांना वेगळे काढण्याचा खर्च परवडत नव्हता. त्यांनी सगळे मिश्रणच शेतात टाकले. हे औषध स्वस्त का होते याचे कारण एवढेच की त्यातला कचरा शेतकऱ्याने आपल्या रानात पसरून घेतला होता.

आता हा कचरा गेला कोठे, ते पाहू. आपण असे समजतो की पावसाने ते धुऊन जाते किंवा मातीत कुजते. आल्फा प्रकार कुजावयास नाखूष असतो. परंतु उडून जावयास मात्र तयार असतो. चैत्र-वैशाखात आपली काळी रानं तापून भेगाळतात, तेव्हा मातीतले हे द्रव्य वाफेच्या रूपाने हवेत मिसळते आणि वारा नेईल तिकडे जाते. जेथे हवा गार होते तेथे ते खाली उतरते, पुन्हा ऊन लागले की पुन्हा उठते. नाकतोडा जसा टप्पे घेत रान ओलांडतो, तसे हे टप्प्याटप्प्याने उत्तरेकडे सरकते. शास्त्रज्ञांनीही या प्रवासाला नाकतोड्याचेच नाव दिले आहे. अखेर ते अशा ठिकाणी पोहोचते की जेथून उठण्याइतके ऊनच नसते. शिवाय पाणी जितके थंड, तितके हे द्रव्य हवेतून पाण्यात अधिक ओढले जाते. आर्क्टिक महासागर हा अशा रीतीने साऱ्या उष्ण जगाच्या धुराचा साठवण-तलाव झाला. ज्या महासागराच्या काठी एक एकरही कपाशी पिकत नाही, त्याच्या पाण्यात सर्वांत अधिक प्रमाणात आढळलेले कीटकनाशक म्हणजे आपली ही बी.एच.सी.; त्यातही आल्फा प्रकार. बीटा प्रकाराची वाट निराळी. तो वाटेतच पावसाबरोबर पॅसिफिक महासागरात उतरला आणि समुद्रप्रवाहांबरोबर बेरिंगच्या सामुद्रधुनीतून सुमारे दशकभर उशिराने उत्तरेला पोहोचला. जगातील या मिश्रणाचा एकूण वापर सुमारे एक कोटी टन झाला असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यात चीनचा वाटा सर्वांत मोठा आणि त्यानंतर भारताचा, सुमारे दहा लाख टनांचा.

समुद्राच्या पाण्यात त्याचे प्रमाण अत्यल्प असते. तथापि, ही द्रव्ये पाण्यापेक्षा चरबीत अधिक रमतात. सूक्ष्म वनस्पती आणि जीव ती शोषून घेतात, त्यांना लहान मासे खातात, माशांना सील खातो, सीलला ध्रुवीय अस्वल खाते आणि माणूसही खातो. प्रत्येक पायरीवर भक्ष्याची चरबी जिरते, विष मात्र जिरत नाही, ते साठत जाते. थंडीत जगण्यासाठी तिथल्या प्रत्येक प्राण्याला चरबीचा जाड थर लागतो. म्हणजे जी गोष्ट त्यांना जगवते तीच विषाचे भांडार होते. सावकाराच्या वहीत व्याजावर व्याज चढावे तसा हा प्रकार आहे आणि वही ज्याच्या नावावर आहे त्याने कर्ज कधी घेतलेलेच नाही.

शाळेच्या पुस्तकात आपण ज्यांना एस्किमो म्हणून ओळखले, ते लोक स्वत:ला इनुइट म्हणवतात. १९८०च्या दशकात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील एरिक द्यूअयी हे वैद्यकीय संशोधक मातांच्या दुधातील क्लोरिनयुक्त विषांचा अभ्यास करीत होते. तुलनेसाठी त्यांना अगदी स्वच्छ नमुना हवा होता. कारखान्यांपासून शेकडो कोस दूर असलेल्या उत्तर क्वेबेकमधील इनुइट मातांचे दूध सर्वांत शुद्ध असणार, असे गृहीत धरून ते मागविण्यात आले. तपासणीत आढळले ते उलटेच. विद्युत्-यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या पी.सी.बी. या द्रव्याचे प्रमाण दक्षिणेकडील शहरी मातांच्या दुधापेक्षा या मातांच्या दुधात सुमारे पाच पट होते. ज्यांनी कधी विद्युत् रोहित्र बनविले नाही, त्यांच्या तान्ह्या मुलांच्या वाट्याला हे विष आले होते.

मग त्यांनी सील खाणे सोडावे, असे सुचविणे सोपे आहे. परंतु जेथे धान्य उगवत नाही, जेथे दुकानातला माल विमानाने येतो आणि त्याचे भाव मजुराच्या आवाक्याबाहेर असतात, तेथे सील हेच अन्न आणि सीलची शिकार हीच संस्कृती आहे. आपण कोणी ज्वारीची भाकरी सोडा असे सांगितले तर काय वाटेल, याचा विचार करावा. आणि हे केवळ दूर देशीचे दु:ख नव्हे. १९८०च्या दशकात पंजाब व दिल्ली येथील मातांच्या दुधातही डी.डी.टी. आणि बी.एच.सी. आढळले होते. पाहिले असते तर आमच्या आईच्या दुधातही आढळले असते, याविषयी मला शंका वाटत नाही. जे येथून उडून गेले ते उत्तरेला पोहोचले. जे उडाले नाही ते आपल्याच अंगात राहिले.

येथे मी वडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. १९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, खडी फोडून ज्यांनी सुकडीवर दिवस काढले, त्यांना हाती आलेले पीक अळीच्या तोंडी देणे शक्य नव्हते. डी.डी.टी.चीही कथा अशीच आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख मरत असत, असा अंदाज होता. १९५३पासून फवारणीची मोहीम सुरू झाली. गावोगाव पथके येऊन भिंतीवर तारीख घालून जात. १९६५पर्यंत रुग्णांची संख्या एक लाखापर्यंत उतरली. हे यश खोटे नव्हते. परंतु तेच औषध शेतातही सढळ हाताने वापरले गेले, डासांत प्रतिकारशक्ती आली आणि १९७६ साली रुग्णांचा आकडा पुन्हा साठ लाखांच्या पुढे गेला. शेतीतला वापर बंद झाला तो १९८९ साली. ज्या शस्त्राने जीव वाचत होते ते आपण गवत कापावयास वापरले आणि बोथट करून टाकले.

आपण समाजवादी आहोत, म्हणून एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. डी.डी.टी. बनविणारी हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही कंपनी १९५४ साली भारत सरकारने स्थापन केली. आपल्या रायगड जिल्ह्यातील रसायनी येथेही तिचा कारखाना उभा राहिला. केरळातील कासारगोड येथे काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरमधून एन्डोसल्फान फवारले गेले आणि त्याखालच्या वस्त्यांत जन्मत: व्यंग असलेली मुले वाढली, त्या बागा राज्य सरकारच्या महामंडळाच्या होत्या. मालकी सार्वजनिक झाली की धूरही सार्वजनिक हिताचा होतो, असे आपण नकळत मानीत आलो. तसे होत नाही. कारखान्याचा नफा कोणाला मिळतो हा आपला जुना प्रश्न आहे आणि तो योग्यच आहे. परंतु कारखान्यातून जे बाहेर पडते ते कोणाच्या घरी जाते, हा प्रश्नही त्याच्याइतकाच वर्गीय आहे. तो आपण फार उशिरा विचारावयास लागलो.

आता या कथेतील आशेचा भाग सांगतो. चीनने १९८३ साली या मिश्रणावर बंदी घातली, तेव्हा उत्तर ध्रुवावरच्या हवेतील आल्फा प्रकाराचे प्रमाण झपाट्याने उतरले. १९९०च्या सुमारास सोव्हिएत संघाने आणि भारताने वापर आवरता घेतला, तेव्हा ते पुन्हा एक पायरी खाली आले. १ एप्रिल १९९७पासून भारताने ते संपूर्ण बंद केले. हजारो मैलांवरची हवा राजकीय निर्णयाला इतक्या त्वरेने उत्तर देते, याचा अर्थ असा की ही दैवगती नव्हे. जे माणसांनी केले ते माणसांना थांबविता येते. मात्र हवा लवकर विसरते, समुद्र विसरत नाही. हवा स्वच्छ होऊ लागल्यावर १९९०च्या दशकात संशोधकांना असे आढळले की काही उत्तरी समुद्र आता शोषून घेण्याऐवजी जुने साठलेले आल्फा उलट हवेत सोडू लागले आहेत. पृथ्वी तापून बर्फ वितळत आहे, तसतशी ही परतफेड वाढत आहे. आमच्या वडिलांच्या पिढीची पावडर आमच्या नातवंडांच्या काळात फिरत राहणार आहे.

इनुइट लोक गप्प बसले नाहीत, हेही आपण शिकण्यासारखे आहे. शीला वॉट-क्लूटिए यांच्यासारख्या त्यांच्या नेत्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत जाऊन बसल्या. आमच्या मातांच्या दुधाचा हा प्रश्न आहे, हे त्यांनी जगाच्या प्रतिनिधींना ऐकविले. त्याच वेळी, हिवतापासाठी डी.डी.टी. लागणाऱ्या गरीब देशांतील मातांना मृत्यूच्या दारात सोडू नका, असेही सांगितले. एका दरिद्री मातेला दुसरीविरुद्ध उभे करण्याचा डाव त्यांनी ओळखला होता. २००१ साली स्टॉकहोम करार झाला, २००४ साली तो अमलात आला. उत्तर ध्रुव प्रदेशातील आदिम समाजांना असलेल्या विशेष धोक्याचा उल्लेख त्याच्या प्रस्तावनेत आहे. आरंभी बारा द्रव्ये त्यात होती. बी.एच.सी.चे आल्फा, बीटा आणि लिंडेन हे प्रकार २००९ साली यादीत आले, एन्डोसल्फान २०११ साली. भारताने २००६ साली करार मान्य केला. परंतु यादीत नवे द्रव्य आले तरी भारताने स्वतंत्र मान्यता दिल्यावाचून ते भारतावर बंधनकारक होत नाही, अशी तरतूद आपल्या सरकारने ठेवली आहे. एन्डोसल्फानच्या समावेशाला तर आपल्या प्रतिनिधींनी विरोध केला. तो शेतकऱ्याच्या नावाने केला, पण कासारगोडचे शेतकरी आणि मजूर मात्र त्या बंदीची मागणी करीत होते. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने देशात बंदी घातली, तीही एका युवक संघटनेच्या याचिकेवर.

आता आपल्या घराकडे वळू. सोलापूर हे खालच्या अंगाचे शहर आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांतून भीमेत येते आणि उजनीत थांबते. तेच उजनीचे पाणी आपण पितो. वरच्या अंगाच्या लोकांनी नळ सोडावा आणि खालच्यांनी ओंजळ धरावी, हा अन्याय आपल्याला शिकवावा लागत नाही. परंतु वाऱ्यालाही वरचे आणि खालचे अंग असते. वाऱ्याच्या हिशेबाने आपण वरच्या अंगाला होतो आणि इनुइट खालच्या. पुण्याविषयी जी तक्रार आपण करतो, तीच तक्रार करण्याचा अधिकार त्यांना आपल्याविषयी आहे. हे ज्याच्या लक्षात येईल, त्यालाच उजनीचा लढा नुसता शहराचा हट्ट म्हणून न लढता न्यायाचा लढा म्हणून लढता येईल.

आणि ही गोष्ट संपलेली नाही. फ्लोरिनयुक्त द्रव्यांचा एक मोठा वर्ग आज जगभर 'चिरंतन रसायने' म्हणून ओळखला जातो. न चिकटणारी भांडी, पाणी न धरणारे कापड, आग विझविण्याचा फेस यांसाठी ती वापरतात. त्यांतील एक द्रव्य ध्रुवीय अस्वलांच्या शरीरातही असल्याचे २००१ साली प्रसिद्ध झाले. इटलीत विचेन्झाजवळ त्रिस्सिनो येथे अशी द्रव्ये बनविणारा कारखाना होता. त्याने भूजल दूषित झाले आणि सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा प्रश्न निर्माण झाला. २०१८ साली कारखाना दिवाळखोरीत गेला. जून २०२५मध्ये तेथील न्यायालयाने अकरा अधिकाऱ्यांना दोषी ठरवून एकूण १४१ वर्षांच्या शिक्षा दिल्या. त्या कारखान्याची यंत्रसामग्री मात्र लिलावात एका भारतीय उद्योगाने घेतली आणि ती आता रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आलेली आहे. यात काही बेकायदा घडले, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे याहून गंभीर आहे. यात बेकायदा असे काही नसू शकते, कारण पिण्याच्या पाण्याच्या २०१२च्या भारतीय मानकात या वर्गासाठी मर्यादाच घातलेली नव्हती. जे एका देशात गुन्हा ठरले, त्याच्यासाठी दुसऱ्या देशात मोजपट्टीही नसावी, ही विषमता आहे. दाभोळच्या खाडीतील मासेमारांच्या तक्रारी जुन्या आहेत. त्यांच्या डोक्यावर आणखी एक अज्ञात ओझे ठेवण्यापूर्वी त्यांना विचारले कोणी?

तर मग आपण काय करावयाचे? मोठे ठराव करणे सोपे असते, म्हणून तीन लहान कामे सांगतो. पहिले, पाण्याचे. याच २०१२च्या मानकात आल्फा बी.एच.सी.साठी लिटरला ०.०१ मायक्रोग्रॅम आणि बीटासाठी ०.०४ मायक्रोग्रॅम अशा मर्यादा दिलेल्या आहेत. उजनीच्या पाण्याची या द्रव्यांसाठी तपासणी केव्हा झाली आणि आकडे काय आले, हे महापालिकेला माहितीच्या अधिकारात विचारावे आणि उत्तर वॉर्डावॉर्डांत फलकावर लिहावे. दुसरे, शेतीचे. डाळिंब-द्राक्षांच्या पट्ट्यात फवारणी करणारा हा बहुधा रोजंदारीचा मजूर असतो. डब्यावरचे नाव त्याला वाचून दाखविणे, हातमोजे आणि तोंडावरचा मुखवटा ही मालकाची जबाबदारी आहे असे ठणकावणे, हे आपल्या शेतमजूर शाखांचे नित्याचे काम झाले पाहिजे. तिसरे, कोकणातील साथींचे. लोट्याविषयी जी माहिती जनतेसमोर यावयास हवी, तिची मागणी केवळ रत्नागिरीची राहू नये. ती सोलापुरातूनही झाली पाहिजे. विष जिल्ह्याच्या सीमा पाळीत नाही. चळवळीने तरी का पाळाव्यात?

मित्रहो, वडील आज नाहीत. ते असते आणि त्यांना मी हे सारे सांगितले असते, तर ते म्हणाले असते, ''आम्हांला कोणी सांगितलं नव्हतं.'' त्यांचे म्हणणे खरे होते. आपल्यापाशी ती सबब नाही. आपल्याला सांगितले गेले आहे. एवढे लक्षात ठेवून आपण कामाला लागावे, अशी विनंती करतो आणि थांबतो.